वाऱ्याच्या कडेची मडकी

पूर्वी अश्मक देशातल्या पोतन नगरावर महीधर नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात एका कुंभाराच्या घरी जन्माला आला. लहानपणी त्याने माती तुडवली, तरुणपणी चाक फिरवले, आणि केस पिकल्यावर साऱ्या वाड्याने मिळून आवा रचण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. आवा म्हणजे मडकी भाजण्याची भट्टी. कुंभारवाड्यात घरे बावीस आणि आवा एकच, कारण नदीकाठचे रान विरळ झाले होते. प्रत्येकाने आपला वेगळा आवा लावला असता तर दोन वर्षांत जळण संपले असते. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या घरांची कच्ची मडकी एकत्र येत. कुणाच्या मडक्याच्या बुडाशी चांदणी कोरलेली असे, कुणाच्या तीन रेघा, कुणाचे पिंपळपान, म्हणजे भाजून निघाल्यावर ज्याचे त्याला ओळखता येई. बोधिसत्त्व ती एकमेकांत बसवून, मध्ये गोवऱ्या आणि लाकडे सारून, वरून गवत, राख आणि चिखलाचा लेप देऊन आवा रचत असे. सगळे त्याला बाबा म्हणत. बोलायला तो कमी, पण त्याच्या हातच्या आव्यातल्या मडक्यावर टिचकी मारली की ते घंटेसारखे वाजे.

अडचण एकच होती आणि ती वाऱ्याची होती. नदीवरून पश्चिमेचा वारा येई. आव्याच्या त्या कडेला जी मडकी असत त्यांना एका अंगाने आग आणि दुसऱ्या अंगाने गार वारा लागे. त्यांतली बरीचशी तडकत, उरलेली अर्धीकच्ची राहत. पण तिथे मडकी ठेवलीच नाहीत तर वारा थेट आत घुसे आणि मधल्या मालाचा सत्यानाश होई. म्हणजे कुणाची तरी मडकी त्या कडेला जायलाच हवीत. आता असा प्रश्न उभा राहिला की माणसे काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. बैठका बसतात, पाळ्या ठरतात, मागच्या खेपेला माझीच गेली होती म्हणून आवाज चढतात. कुंभारवाड्यात यातले काहीच होत नसे. आवा रचण्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कडेची जागा मोकळी असे, आणि सकाळी बोधिसत्त्व येऊन पाही तेव्हा तिथे पंचवीस-तीस मडकी ठेवलेली असत. त्यांच्या बुडाशी खूण नसे. कुणी ठेवली हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. त्यांतले एखादे चुकून धड निघालेच तर ते हमरस्त्यावरच्या पाणपोईला जाई.

बोधिसत्त्वाला मात्र प्रत्येकाचा हात कळत असे. काठाला अंगठा कसा दाबला आहे, पोट कुठे फुगवले आहे, यावरून तो डोळे मिटूनसुद्धा घडवणाऱ्याचे नाव सांगू शकला असता. त्याने ते कधी आपल्या बायकोलाही सांगितले नव्हते.

याच वाड्यात सामा नावाची एक तरुण विधवा राहत होती. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी माती खणताना दरड कोसळून गेला. कुंभारांत बायका माती मळतात, मडक्याला थापी देतात, रंग काढतात. चाकावर मात्र पुरुष बसतो. नवऱ्यामागे चाक त्याच्या धाकट्या भावाकडे, रोहकाकडे जायचे, असा रिवाज होता. आणि रोहकाला चाकाची गरजही होती, कारण त्याचे स्वतःचे चाक तडकले होते आणि त्यावरची मडकी एका बाजूला कललेली निघत. पण सामाने चाक दिले नाही. नवरा होता तेव्हाच ती दुपारी चोरून चाकावर बसायला शिकली होती. "मला येतं," ती पंचांसमोर म्हणाली. पंच हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्यांनी अट घातली. चैत्राच्या अमावास्येपर्यंत सात रांजण घडवून, भाजून, अखंड दाखवायचे. सात दाखवले तर चाक सामाचे. एकही कमी पडला तर चाक रोहकाचे, आणि ज्या घरात चाक नाही त्या घराला खाणीतली माती नाही. मग सामाने दुसऱ्यांच्या ओसरीवर माती मळून पोट भरायचे.

रांजण म्हणजे काही पणती नव्हे. कमरेइतका उंच, चार घागरी पाणी मावेल असा. सामाने हिवाळाभर खपून नऊ घडवले. दोन वाळतानाच चिरले. उरले बरोबर सात. त्या दिवसापासून तिला झोपेतही सातच आकडा दिसू लागला. रोहक तिच्याशी बोलणे टाकून बसला होता. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तिच्या पलीकडून त्याच्या तडक्या चाकाची खडखड ऐकू आली की सामाला वाटे, हा मुद्दाम जोरात फिरवतो आहे.

फाल्गुनात एक दिवस राजा महीधर नदीवरचा बंधारा पाहून परत येत होता. बरोबर पिंगल नावाचा अमात्य होता. हा पिंगल बुद्धीने तल्लख होता आणि राजाचे त्याच्यावाचून पान हलत नसे. त्याचे एक ठाम मत होते, की जगात निःस्वार्थ म्हणून काही नसते. राजाने कुणाच्या चांगुलपणाची गोष्ट काढली की पिंगल तिच्यात कुठेतरी दडलेला फायदा शोधून काढी आणि राजापुढे ठेवी, आणि राजाला दर वेळी जरा वाईट वाटे. त्या दिवशी राजा आव्यापाशी पाणी प्यायला थांबला. कडेला ठेवलेली बिनखुणेची मडकी त्याच्या नजरेला पडली.

"ही कुणाची?" राजाने विचारले.

"कडेची, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

"कडेची म्हणजे कुणाची?"

"ते विचारायची आमच्यात रीत नाही, महाराज." आणि मग राजाने आग्रह केला म्हणून त्याने वारा, कड, सगळे समजावून सांगितले.

राजा भारावून गेला. पिंगल हसला. "महाराज, माणूस फुकट शिंकतसुद्धा नाही. यातून कुणाला तरी काहीतरी मिळत असणार. नावे कळू द्या, प्रत्येकाचा फायदा मी आपल्याला काढून दाखवतो."

राजा पुढे गेल्यावर पिंगल मागे रेंगाळला. बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला ही माणसे ठाऊक आहेत. तुझ्या तोंडावरूनच दिसते. नावे सांग. बारा गावांच्या कुंभारांचा प्रमुख करतो तुला. म्हातारपणी आगीपुढे उभे राहायला नको."

"अमात्य," बोधिसत्त्व म्हणाला, "नाव कळले की ते मडके खुणेचे झाले. मग ते पुन्हा कडेला येणार नाही."

"म्हणजे तू सांगणार नाहीस."

"नाही."

पिंगलाला राग आला नाही. तो तसा रागीट नव्हताच. त्याने राजाला दुसरी युक्ती सुचवली, आणि राजा चांगल्या मनाचा असल्यामुळे त्याला ती आवडली. चांगले काही दिसले की त्याला बक्षीस दिल्याशिवाय राजाला चैन पडत नसे. दुसऱ्याच दिवशी कुंभारवाड्यात दवंडी पिटली. पुढच्या आव्याला ज्याची मडकी कडेला सर्वांत जास्त असतील, त्या घराला राजाच्या पाकशाळेला मडकी पुरवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या मिळेल. मात्र मडक्यांवर खूण हवी.

वाड्यात खळबळ उडाली. पाकशाळेचा मान म्हणजे बाजारात उन्हात बसणे संपले, घासाघीस संपली, मुलाबाळांची ददात मिटली. जी माणसे आजवर कडेला एक-दोन मडकी गुपचूप ठेवीत ती आता चाकावरून उठेनात. आणि काहींचे उलटेच झाले. सामाच्या समोरच्या घरात कान्हा नावाचा म्हातारा राहत होता. तो तिला म्हणाला, "तुला सांगायला हरकत नाही पोरी, दर आव्याला माझी तीन असायची. आता नाही ठेवणार."

"का हो, आजोबा?"

"ठेवली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा पाकशाळेवर डोळा आहे. या वयात ते ऐकून घ्यायचं?"

सामा घरात गेली. नवरा असताना त्यांच्या घरातूनही दोन मडकी जात. या खेपेला तिच्यापाशी सात रांजणांपलीकडे मातीचा गोळाही नव्हता, आणि त्याची तिला आतून लाज वाटत होती.

चैत्रातला आवा रचण्याचा दिवस उजाडला. पश्चिमेच्या कडेला मडक्यांची तटबंदीच उभी राहिली होती. एकामागे एक तीन रांगा, पुरुषभर उंच, आणि प्रत्येक बुडाशी खूण, काहींवर तर कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून दोन-दोन. सर्वांत जास्त मडकी रोहकाची होती, अठ्ठेचाळीस. त्याची कलती मडकी बाजारात कुणी घेत नसे, म्हणून त्याने आव्याच्या आत एकही न ठेवता सगळी कडेलाच लावली होती. हिशेब सरळ होता. एकमेकांची मडकी मागे सारण्यावरून आणि खुणा खरवडण्यावरून सकाळीच दोन भांडणे झाली, तेव्हा पिंगलाने मोजणीला पाठवलेल्या कारकुनाने जाहीर केले, "ही मडकी आता राजाची. संध्याकाळी महाराजांसमोर मोजणी होईपर्यंत यांना जो हात लावेल त्याचा हात तोडला जाईल."

बोधिसत्त्वाने कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिली. मग म्हणाला, "बाबांनो, कडेने वारा अडवायचा असतो, कोंडायचा नसतो. इतकी दाट कड लावलीत तर आव्याला श्वास घेता येणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते सारे कुंभार होते, हे त्यांना सांगायला नकोच होते. "खरं आहे, बाबा," एकजण म्हणाला, "या बाकीच्यांनी कारकुनाला सांगून आपली थोडी काढून घ्यायला हवीत." बाकीचेही तेच म्हणाले. काढली कुणीच नाहीत.

बोधिसत्त्व सामापाशी आला. "पोरी, तुझे रांजण पुढच्या आव्याला ठेवू या का?"

"पुढचा आवा वैशाखात, बाबा. पंचांनी चैत्राची अमावास्या सांगितली आहे, आणि ती चार दिवसांवर आली."

बोधिसत्त्वाने आव्याच्या मध्यावर जागा मोकळी केली. रांजण वाहून न्यायला दोन माणसे लागत. सामाने एका बाजूने धरले. दुसऱ्या बाजूला कोण येते म्हणून तिने पाहिले तर रोहक आला होता. त्याने एकेक करून सातही रांजण तिच्याबरोबर उचलले. ठेवता ठेवता तो त्यांच्या पोटावरून बोट फिरवून पाहत होता. खोट शोधतोय, सामाच्या मनात आले. बोधिसत्त्वाने ते रांजण आव्याच्या अगदी मध्यावर बसवले, जिथे आग सर्वांत सारखी लागते, आणि आवा पेटवला.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळून चुकले. आवा नीट जळत असला की धूर पांढरा आणि सरळ वर जातो. हा धूर पिवळा होता, जड होता, आणि आव्याच्या पाठीवरून सरपटत खाली येत होता. कुंभार याला धूर बसला असे म्हणतात. आत आग गुदमरली होती. आणखी दोन घटका असेच राहिले तर सगळा माल काळा आणि कच्चा निघणार, आणि कच्चे मडके पुन्हा भाजून सुधारत नाही. बावीस घरांची माणसे आव्याभोवती उभी होती आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. महिनाभराचा माल जात होता, पण कडेला पाकशाळेचा मान उभा होता, आणि त्यापुढे कारकून उभा होता.

सामाने रोहकाकडे पाहिले. तो पलीकडे, आवा ढोसायच्या लांब काठीवर रेलून उभा होता. अठ्ठेचाळीस मडकी त्याची. संध्याकाळी मान त्याचा, आणि चार दिवसांनी चाकही त्याचेच. नशीब उघडावे तर असे. तिला ओरडावेसे वाटत होते, फोडा ती कड, माझे रांजण जातायत. पण ओरडून कुणाचा हात मागायचा? सात रांजणांसाठी कुणाचा हात तुटावा असे तिला म्हणवेना. तिने ओठ घट्ट मिटले. रोहकासमोर रडायचे नाही, एवढे तिने ठरवले आणि तेवढेच तिच्या हाती होते.

बोधिसत्त्वाने धूर पाहिला. मग त्याने सामाचे मिटलेले ओठ पाहिले. तो शांतपणे चालत गेला आणि त्याने आपली काठी उचलली.

"बाबा, हात जाईल," कारकून घाबरून म्हणाला. त्यालाही हे नको होते.

"जाईल," बोधिसत्त्व म्हणाला. "म्हणून तो आहे तोवर काम उरकून घेतो." आणि त्याने कडेवर पहिला घाव घातला. तीन मडकी खळकन फुटली. "अरे माझी!" म्हणून कुणीतरी ओरडले. बोधिसत्त्वाने दुसरा घाव घातला. पण कड तीन रांगांची होती आणि तो म्हातारा होता. पाच-सहा घावांत त्याला धाप लागली.

इथवर ऐकून नवल वाटायचे कारण नाही. तो बोधिसत्त्व होता. दुसऱ्यासाठी हात पुढे करणे हा त्याचा जन्मोजन्मीचा धंदाच. नवल पुढे घडले. आव्याच्या पलीकडून रोहक धावत आला आणि त्याने आपली काठी दोन्ही हातांनी उचलून आपल्याच अठ्ठेचाळीस मडक्यांवर घातली. तो शिव्या देत होता. कुणाला, ते कळत नव्हते, बहुधा वाऱ्याला. घावामागून घाव घालीत, खापऱ्या काठीच्या टोकाच्या आकड्याने बाहेर ओढीत, हातापायांवर ठिणग्या झेलीत त्याने कडेत माणूस शिरेल एवढी वाट पाडली. मग कान्हा आजोबा आले. मग एकेकजण आला, आणि ज्याने त्याने आपापली मडकी फोडली. दुसऱ्याच्या मडक्यांवर काठी टाकायची वेळच आली नाही. नदीवरचा वारा आत गेला, आव्याच्या पोटात घुं असा आवाज झाला, आणि धूर पांढरा होऊन सरळ आभाळात गेला. सामाने तेव्हा डोळ्यांना पदर लावला. रोहक पाहत होता तरी लावला.

संध्याकाळी राजा मोजणीला आला. मोजायला खापऱ्यांचा ढीग होता. कारकुनाने झाले ते सांगितले. बोधिसत्त्वाने पुढे होऊन उजवा हात पसरला आणि म्हणाला, "पहिला घाव माझा, महाराज. बाकीच्यांना मी वाट दाखवली, त्यांचा दोष नाही."

पिंगल म्हणाला, "महाराज, हात राहू द्या. यात माझेच म्हणणे खरे ठरले. प्रत्येकाचा माल आत होता. कड मोडली ती आपापला माल वाचवायला. माणसे शहाणी आहेत, एवढेच यातून दिसते."

"पहिला कोण आला? म्हातारबाबांच्या मागून?" राजाने विचारले.

लोकांनी रोहकाला पुढे ढकलले. त्याच्या भुवया जळल्या होत्या.

"तुझी किती मडकी आत आहेत?" पिंगलाने विचारले.

"एकही नाही."

"मग कुणाची वाचवायला आलास?"

"आत वहिनीचे रांजण आहेत."

तेव्हा राजाने सगळी हकिगत विचारली आणि पंचांनी सांगितली: अट, अमावास्या, चाक. पिंगल लक्ष देऊन ऐकत होता. त्याने रोहकाला विचारले, "म्हणजे आवा बिघडला असता तर मान तुझा होता आणि चाकही तुझे. हे काठी उचलताना तुला ठाऊक होते?"

"ठाऊक होतं."

"आणि हात जाईल हेही?"

"तेही सकाळी ऐकलं होतं."

"मग वहिनी पुढेमागे उपकार मानील, अडीअडचणीला उपयोगी पडेल, असा विचार असेल."

"भावजी दीड वर्ष माझ्याशी बोललेले नाहीत," सामा मागून म्हणाली. लोक हसले. रोहक हसला नाही.

"मग तुला मिळाले काय?" पिंगलाने विचारले. आता त्याच्या आवाजात डाव जिंकायची घाई नव्हती. त्याला खरोखरच कळून घ्यायचे होते.

रोहकाने मान खाजवली. तो चिडलेला दिसत होता. "मला काय माहीत काय मिळालं? सकाळी ते रांजण मी उचलून दिले, अमात्य. बोट फिरवून पाहिलं, कुठंही खोट नव्हती. माझ्या भावालाही तसे जमले नव्हते कधी. एवढं चांगलं काम डोळ्यांदेखत गुदमरायला लागलं. मग माणूस काय करतो? काठी घेतो. तुम्ही नसती घेतली?"

त्या माणसाचा फायदा पिंगलाने उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, त्याच्या हाती काही लागेना. आणि शेवटचा प्रश्न तर त्यालाच विचारला गेला होता. त्याचे उत्तर तो त्या दिवशी देऊ शकला नाही.

राजाने बोधिसत्त्वाचा पसरलेला हात आपल्या हाताने खाली केला. "दवंडी मी परत घेतो. पण या रोहकाला काहीतरी देऊ या. पाकशाळेचा मान यालाच शोभतो."

"नको, महाराज," बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला. "आज त्याच्याजवळ काय आहे ते त्यालाही नीट सांगता येत नाही. त्यावर बक्षीस ठेवलेत तर तो जन्मभर समजेल की हे बक्षिसासाठीच होते. आहे तसे राहू द्या."

राजाने ऐकले. चांगल्या राजाला एवढे ऐकता येते.

तिसऱ्या दिवशी आवा निवला आणि उघडला. पंच आले. सामा एकेका रांजणावर टिचकी मारत गेली. पहिला घणघणला, दुसरा, तिसरा, सहावासुद्धा. सातवा बद्द वाजला. बुडापासून वर बोटभर लांब चीर गेली होती. दुपारपर्यंत आग गुदमरली होती, तिने तेवढी वसुली केली होती. सामा तिथेच खाली बसली. तिने चिरेवर हात ठेवला, जणू धरून ठेवली तर ती बुजेल.

मुख्य पंच घसा खाकरून म्हणाले, "अट सातांची होती."

मग रोहक पुढे आला. "चाकावर दावा कुणाचा?" त्याने विचारले.

"तुझाच."

"मला सहा पुरतात," रोहक म्हणाला, आणि घरी निघून गेला.

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. दावा सांगणाराच उठून गेल्यावर निवाडा कशाचा करायचा? चाक सामाकडे राहिले. त्यानंतर भिंतीपलीकडून खडखड ऐकू आली की सामा आपले चाक थांबवून म्हणे, "भावजी, तुमची माती आणा इकडे, दुपारी चाक मोकळं असतं." पहिले काही दिवस पलीकडून उत्तर आले नाही. मग एका दुपारी तो मातीचा गोळा घेऊन दारात उभा राहिला. वैशाखातल्या आव्याला कडेला बिनखुणेची मडकी होती, पुरेशी होती, आणि ती कुणाची हे कुणी विचारले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, नंदिल नावाच्या भिक्षूला सांगितली. नंदिल तीन महिने एका आजारी भिक्षूची सेवा करीत होता. त्याचे अंग पुसत होता, त्याची घाण काढत होता, त्याला भरवत होता. एके दिवशी तो शास्त्यांपुढे येऊन म्हणाला होता, "भगवन्, मी माझ्या मनात डोकावून पाहिले. कधी तिथे पुण्याची इच्छा दिसते, कधी लोकांनी बरे म्हणावे ही इच्छा दिसते. मग माझी सेवा खोटी का? निःस्वार्थ असे माणसात काही असतेच का?"

कथा संपली तेव्हा नंदिल मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "कळले, भगवन्. तो पिंगल अमात्य मीच असणार. शंका काढणारा."

"नाही," शास्ते म्हणाले. "त्या वेळचा राजा म्हणजे आज विहाराला धान्य पाठवणारा श्रेष्ठी. तो अजूनही बक्षीस द्यायला फार उतावीळ असतो, आणि अजूनही सांगितले की ऐकतो. सामा म्हणजे संघाला भिक्षापात्रे घडवून देणारी उपासिका. पिंगल आज याच विहारात आहे. सर्वांच्या आधी उठून तो अंगण झाडतो, आणि कुणी झाडले असे विचारले तर गप्प राहतो. म्हणून मीही त्याचे नाव सांगत नाही. आवा रचणारा म्हातारा मी होतो."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि रोहक तू होतास, नंदिल. तेव्हाही तुझ्या मनात चाकाची इच्छा होती, मानाची इच्छा होती. ती तुझ्या मनातून गेली नव्हती, आणि तरीही तू काठी उचललीस. मनात स्वार्थ नसणे म्हणजे निःस्वार्थता नव्हे. स्वार्थ शेजारी उभा असताना हात दुसऱ्यासाठी पुढे जातो, त्या जाण्याला निःस्वार्थता म्हणतात. आता ऊठ. तुझ्या आजाऱ्याची पेज घेण्याची वेळ झाली."